दोन रांजण समुद्र

धाराशिवला समुद्र नाही, हे मला लोकांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी शेवटी त्या वाक्याचाच संताप यायला लागला. नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी सायन्सचा मास्तर होतो. नाही म्हणून तर मी तो घरी आणून ठेवला होता.

निजामाचं राज्य होतं. सरकारी कागदात गाव उस्मानाबाद, घरात आणि बाजारात धाराशिव. सरकारी शाळेत मी उर्दूतून सायन्स शिकवायचो आणि घरी आल्यावर जीभ पुन्हा मराठीवर यायला थोडा वेळ लागायचा. आमच्या ओसरीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी, दगडी कट्ट्यावर एक काचेची टाकी होती आणि तिच्यात मुंबईच्या समुद्राचं पाणी होतं. पाण्यात बोटभर लांबीचा एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा, शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा, आणि दगडाला चिकटून बसलेलं एक फूल. फूल म्हणजे झाड नव्हे, तो प्राणीच. बूड दगडाला, वरती मऊ, तपकिरी पाकळ्यांसारखे हात, आणि त्या हातांच्या मधोमध तोंड. कॉलेजात त्याला लांबलचक नाव होतं. आमच्या घरात ते फूलच झालं, कारण आक्का त्याला फूल म्हणायची.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. ऐन विशीत कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आली आणि आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझं लग्न अजून व्हायचं होतं, म्हणजे घरात आम्ही दोघंच. मी दोन वर्षं मुंबईला कॉलेजात होतो. वडील गेले तेव्हा शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं, आणि येताना मी काय आणलं, तर हे. माझा एक दोस्त तिथंच कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागला होता. त्यानं टाकी दिली, जीव दिले, पाणी दिलं. अर्धवट राहिलेलं शिक्षण मी काचेत घालून घरी आणलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मला कुणी फुलाबद्दल हसलं की म्हणूनच ते थेट काळजाला लागायचं.

येडशीच्या टेशनावर उतरलो तेव्हा जकात नाक्यावरच्या कारकुनानं अडवलं. हातांत टाकी, सोबत वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या मोठ्या बाटल्या.

"ये क्या है?"

"समंदर का पानी."

"काहेकू?"

"मछली के वास्ते."

त्यानं बाटलीत बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. "इसमें नमक है. नमकपे महसूल लगता." मी म्हटलं, उकळून काढा आणि जेवढं निघेल त्याचा महसूल घ्या. त्यानं तिसऱ्यांदा चाटून पाहिलं आणि एकदाचं सोडलं. पुढं दर चार-सहा महिन्यांनी दोस्ताकडून पाणी यायचं तेव्हा तोच कारकून असायचा आणि दर वेळी चव घ्यायचा. त्याला ती आवडायला लागली होती की काय कुणास ठाऊक.

टाकी सांभाळणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावात वीज नव्हती, त्यामुळं पाण्यात हवा घालायची ती हातानं. सकाळी पन्नास आणि संध्याकाळी पन्नास वेळा नारळाच्या करवंटीनं पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत सोडायचं. करवंटीच का, तर तांब्या-पितळेचं भांडं त्या पाण्याला लागलं की जीव मरतात. उन्हानं पाणी आटलं की पावसाचं साठवलेलं पाणी खुणेपर्यंत ओतायचं, कारण आटतं ते पाणी आणि मागं राहतं ते मीठ. हे सगळं आक्का करायची. मी तिला एकदा शिकवलं आणि नंतर चुका काढण्यापुरता उरलो. ती माळकरी. घरात कांदासुद्धा एकादशीला चिरायचा नाही. पण फुलाला वाळकी सुकट लागते म्हटल्यावर तिनं नाकाला पदर लावून ती काडीनं उचलली, फुलाच्या तोंडात दिली, आणि मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली. असं आठवड्यातून दोनदा, चार वर्षं.

लोक बघायला यायचे. यायचे तर यावं, बघावं, जावं. पण आपल्याकडं पाणी दिसलं की माणसाचा हात गप्प बसत नाही. कुणी हळदीकुंकू वाहिलं, कुणी माशाला चुरमुरे टाकले. एक म्हातारी समुद्राचं पाणी म्हणून हात जोडून उभी राहिली आणि नदीत टाकतात तसा तिनं तांब्याचा पैसा आत सोडला. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तळाशी तो हिरवा पडायला लागल्यावर. तोवर माझे दोन खेकडे होते, त्यातला एक तेव्हा गेला. त्या दिवशी मी ओरडलो ते शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. म्हातारी केव्हाच निघून गेली होती, म्हणजे ऐकून घ्यायला आक्काच.

"ह्या पाण्यात काही पडता कामा नये. पान नाही, फूल नाही, काडी नाही. तुझ्या हातूनसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं की बाबा. किती वरडतूस."

कळलं की नाही म्हणून मी तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. त्यानंतर ती टाकीजवळ कुणाला उभं करायची नाही. हळदीकुंकवाचं तबक घेऊन आलेल्या बाईला तिनं ओसरीच्या पायरीवरूनच परत लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मग लढाई पेटली. लढाई कुठं युरोपात, पण तिचा चटका माझ्या टाकीला. रेल्वेत सैन्याचा माल, सैन्याची माणसं. पाण्याच्या बाटल्या पार्सलानं न्यायला कोण तयार होणार? दोस्तानं लिहिलं की बुकिंगवाला हसला. शेवटचं जे पाणी आलं होतं, ते मी आडवेळेला असावं म्हणून एका मातीच्या रांजणात भरून, तोंडाला फडकं बांधून, अंधाऱ्या कोठीत ठेवलं. ते आणि टाकीतलं, एवढाच माझा समुद्र.

आणि नेमकी त्याच वेळी टाकी गळायला लागली. तिची चौकट लोखंडी. खाऱ्या पाण्यानं चार वर्षांत पापुद्रे सुटले आणि एका कोपऱ्यातून थेंब थेंब येऊ लागला. आक्कानं खाली चिनी मातीचा वाडगा ठेवला. वाडगा भरला की पाणी परत वर. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग चारदा.

नवी टाकी करायची ठरवली. करायचीच तर दुप्पट मोठी करू, जिवांना ऐसपैस होईल, असा मोठेपणा मला सुचला. काच सोलापूरहून आणवली, तळाला शहाबादी फरशी, चौकट सागवानी. सुतार गावातला जाणता माणूस. त्यानं चौकट केली, झकास केली, आणि सांध्यांना पितळी स्क्रू मारले.

मी म्हटलं, "पितळ चालत नाही म्हणून तीनदा सांगितलं होतं ना?"

"मास्तर, लोखंड गंजतंय म्हणलासा तुम्ही. पितळ गंजत न्हाय. म्या तुमच्याच भल्याचं केलं."

सगळे स्क्रू काढून लाकडी खुंट्या मारायला सांगितल्या. सुतार रागावला, आणि मग त्याच्या घरी लग्नं निघाली. एक लग्न संपलं की दुसरं. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि आषाढ निम्मा सरला तेव्हा एकदाची टाकी घरी आली. सांध्यांत राळ आणि डांबर ओतलं होतं, त्याचा वास जावा म्हणून ती साध्या पाण्यानं भरून पंधरा दिवस ठेवायची, रोज पाणी बदलायचं. माझा हिशेब होता की अमावास्येनंतरच्या शुक्रवारी, शाळेला सुट्टी असते त्या दिवशी, निवांत जीव हलवायचे.

जुन्या टाकीला माझा हिशेब मान्य नव्हता. अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी कोपऱ्यात काच बसवलेलं लुकण सुटलं आणि थेंबाची धार झाली. मी शाळेतून आलो तेव्हा आक्का हाताच्या तळव्यानं तो कोपरा दाबून बसलेली. किती वेळ बसली होती, ते मी विचारलं नाही. रबराची नळी घेतली, तोंडानं ओढली, घोटभर समुद्र पोटात गेला आणि मग पाणी खाली उतरायला लागलं. कोठीत भरलेला रांजण होता, त्याच्या शेजारी दुसरा रिकामा रांजण ठेवून त्यात टाकीतलं पाणी घेतलं. मासा, खेकडा आणि फुलाचा दगड लोणच्याच्या मोठ्या चिनी बरणीत घातले आणि बरणी खिडकीपाशी ठेवली. नवी टाकी अजून डांबराचा वास सोडत होती. दोन दिवस अजून धुवायची, वाळवायची, की शुक्रवारी दोन्ही रांजण तिच्यात. वैताग होताच, पण थोडक्यात निभावलं असं मी स्वतःला सांगितलं.

शेजारी धान्याचे आडते होते. लिंगायत, गळ्यात शिवलिंग, बोलताना मधूनच कानडी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते धावपळ बघायला आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या कोठीत उंदीर लई. रांजण माझ्या दुकानात ठेवा की दोन दिवस." मी म्हटलं नको. तुमच्या दुकानात धुरळा असतो, तांब्याची मापं असतात. 

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. मला ते माहीत नव्हतं असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो: मला चांगलं माहीत होतं. आठ दिवस मी वर्गात तेच शिकवत होतो. पेटती चिमणी हा सूर्य, लिंबू हा चंद्र, आणि सूरज-गिरहन म्हणजे नुसती सावली, हे पोरांना पटवून देत होतो. त्या सकाळी काचांचे तुकडे दिव्यावर धरून काजळी बसवत बसलो होतो, पोरांना ग्रहण दाखवायचं म्हणून.

आक्का तुळशीची पानं खुडून आली.

"आज गिऱ्हाण हाय. पाण्यावर पानं ठेवून घेते. तुझ्या त्या रांजणांत बी ठेवू का एक-एक?"

काजळीनं माझी बोटं काळी झाली होती, एक काच नुकतीच तडकली होती. मी मानसुद्धा वर केली नाही. "माझ्या पाण्यात काही टाकायचं नाही. किती वेळा सांगायचं तुला?"

"बरं," ती म्हणाली.

मी शाळेत गेलो. ग्रहण लागलं तेव्हा आभाळ असं भरून आलं होतं की सूर्य कुठल्या अंगाला आहे तेसुद्धा कळेना. पोरं काजळीच्या काचा डोळ्यांना लावून ढगांकडं बघत उभी. थोडं अंधारून आलं, थोड्या वेळानं उजाडलं. एकानं विचारलं, हेच का ते? हेडमास्तर मिशीत हसले. मी काचा गोळा केल्या आणि तसाच चिडून घरी आलो.

अंगणात दोन रांजण पालथे होते. राखेनं घासून लख्ख धुतलेले, उन्हाची तिरीप पडली होती तिथं वाळत घातलेले. शेजारी हंडे, घागरी, कळशी, सगळं घासलेलं. आक्का न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून चूल पेटवत होती.

मी कोठीत जाऊन आलो. पुन्हा अंगणात आलो. मग विचारलं, "पाणी कुठं आहे?"

"कोणतं?"

"रांजणातलं."

"वतलं की परड्यात. गिऱ्हाण सुटलं न्हवं का?"

मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायची लाज वाटते. अडाणी म्हणालो. चार वर्षांची माझी मेहनत म्हणालो, मेहनत तिची असताना. परड्यात धावलो. शेवग्याच्या बुडाशी माती ओली होती, पाणी केव्हाच जिरलेलं. मी तो चिखल ओंजळीनं भरून फडक्यात घालून पिळला. काळे चार थेंब आले. आक्का दारात उभी राहून बघत होती.

"आरं, तूच म्हणलास न्हवं, पान टाकू नगं म्हणून? म्या न्हाय टाकलं. मग बिन-पानाचं पाणी गिऱ्हाणानंतर घरात ठेवायचं कसं?"

"मग बरणीतलं का नाही ओतलं?"

"त्यात जीव हाईत की. जिवंत पाणी कोण वततंय? हीर वततो का आपून?"

  ग्रहणात साठवणीचं पाणी शिळं होतं, त्यावर तुळशीचं पान असेल तर राहतं, नसेल तर ओतून द्यायचं, ही तिची रीत. पाण्यात पान पडता कामा नये, हा माझा हुकूम. तिनं दोन्ही पाळलं. दोन्ही पाळल्यावर जे व्हायचं ते झालं. ग्रहण म्हणजे सावली, हे मी अख्ख्या वर्गाला शिकवलं, आणि ज्या घरात मी जन्मलो त्या घरात ग्रहण सुटल्यावर काय करतात ते मला आठवू नये, याला काय म्हणावं? ती तुळशीची पानं पाण्यात पडून राहिली असती तर माशाचं काहीसुद्धा वाकडं झालं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्यामुळं मी जास्तच ओरडलो.

आरडाओरडा ऐकून अण्णा आले. सगळं ऐकून घेतलं, पालथ्या रांजणांकडं बघितलं आणि म्हणाले, "आमच्यात गिऱ्हाण-बिऱ्हाण काय पाळत न्हाईत, मास्तर. दुकानात ठिवलं असतं तर ऱ्हायलं असतं." खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

मी आक्काशी अबोला धरला. आमच्या घराण्याची ती खोडच आहे. वडील आणि चुलते एका बांधाच्या दोन्ही अंगांना पाच वर्षं न बोलता नांगरत होते. मी ताटावर बसायचो, जेवायचो, उठायचो. ती काही विचारायची ते भिंतीकडं बघून विचारायची आणि मी भिंतीलाही उत्तर द्यायचो नाही.

बरणीत पाणी ते केवढं. पहिल्या दिवशीच मी दोस्ताला पत्र टाकलं की काहीही करून एक बाटली तरी पाठव. त्याचं उलट टपाली कार्ड आलं: जमत नाही, माणूस आला तर देतो. इकडून मुंबईला जाणारं माणूस मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः जाऊ शकलो असतो का? शकलो असतो. रजा मागायची, कुर्डुवाडीपर्यंत छोट्या गाडीत उभं राहायचं, पुढं मोठ्या गाडीत सैनिकांच्या गर्दीत शिरायचं. मी ते केलं नाही. मी घरात बसून धुमसत राहिलो, कारण चूक माझी नव्हती आणि ती निस्तरणं माझं काम नव्हतं.

बाजारचं मीठ साध्या पाण्यात कालवून समुद्र होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी पुष्कळ काही असतं. म्हणून मी तेही केलं नाही. आक्का मात्र दिवसातून चार वेळा बरणीतलं पाणी करवंटीनं वर-खाली करत राहिली. चौथ्या दिवशी मासा तरंगला. सहाव्या दिवशी खेकडा आपला शंख सोडून बाहेर येऊन पडला, उघडा, चिमटीत मावेल एवढा. दोन्ही वेळा तिनं मेलेला जीव काढून टाकला आणि माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. फूल आकसून सुपारीएवढा तपकिरी गोळा झालं होतं. ना पाकळ्या, ना तोंड.

नवव्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो होतो. आक्का बरणीपाशी बसलेली.

"त्या फुलाचं सांगायचं हुतं," ती भिंतीला म्हणाली.

आता काय सांगणार, तेही मेलं हेच ना, असं मनात म्हणून मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

दुपारी परत आलो तेव्हा ती घरी नव्हती, दळण घेऊन गिरणीवर गेली होती. ओसरीवर घाण वास होता. बरणीचं पाणी गढूळ, वर साय धरल्यासारखं. तळाच्या दगडावर तो गोळा. नवी टाकी कोपऱ्यात कोरडी, सागवानी, झकास, एक थेंबही न गळणारी. तिच्याकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. एवढा सगळा खटाटोप, आणि शेवटी हे. मी बरणी उचलली, परड्याच्या टोकाला उकिरड्यावर गेलो आणि सगळी उपडी केली. दगड राखेत पडला. पाणी शेणात जिरलं. बरणी धुतली आणि पालथी घातली. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आक्का आली, डोक्यावर पिठाचा डबा. तिनं खिडकीकडं बघितलं. अबोला तिचा नव्हताच, माझा होता. ती सरळ मला म्हणाली, "फूल कुठाय?"

आणि मी नऊ दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोललो. "मेलं. टाकून दिलं."

"मेलं न्हवतं."

"वास मारत होतं पाणी."

"पाणी मारत आसंल. फूल मेलं न्हवतं. सकाळी म्या बोट लावलं तर धरलं त्यानं. तेच तर सांगत हुते तुला."

तिनं डबा खाली ठेवला की टाकला, ते मला दिसलं नाही. पीठ सांडलं एवढं खरं. ती उकिरड्याकडं पळाली. आक्काला पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी राख उपसली, दगड शोधला, आणि त्याच्यावरचा राखेनं माखलेला गोळा पदरानं हलक्या हातानं पुसला. मग करंगळीचं टोक त्याच्या मधोमध ठेवलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ती म्हणाली, "धरतंय. बघ."

मी बोट लावलं. गार होतं, बुळबुळीत. आणि त्या बुळबुळीतून काहीतरी माझ्या बोटाला चिकटलं आणि आत ओढू लागलं. फार कमी जोर होता त्यात. पण ओढत होतं.

"पाणी आण," आक्का म्हणाली.

मी घरात गेलो. हंडा भरलेला होता, घागरी भरलेल्या होत्या, माठ भरलेला होता. सकाळीच तिनं विहिरीवरून भरलेलं गोड पाणी. मी एकेका भांड्यात डोकावून बघितलं, जणू कुठंतरी चुकून ते दुसरं पाणी निघणार होतं. मग मिठाचा मातीचा सट घेतला, माठातलं पाणी त्या धुतलेल्या बरणीत ओतलं आणि मुठी-मुठीनं मीठ कालवू लागलो. किती घालायचं ते कळायला, पाण्यात तरंगून खारटपणा दाखवणारी एक काचेची नळी मी केलेली होती, ती कपाटात पडून राहिली. मी बोट बुडवून चाटत होतो, नाक्यावरचा तो कारकून चाटायचा तसा. जे मी नऊ दिवस, होत नाही म्हणून केलं नव्हतं, ते आता रडत करत होतो.

फूल त्या पाण्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं. आक्का त्याच्यापाशी बसून होती, आणि उजाडल्यावर तिनंच ते शेवग्याच्या बुडाशी पुरलं. नवी टाकी पुढं अण्णांनी तुरीची डाळ ठेवायला नेली.

तिनं माझे दोन रांजण ओतले तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं आणि नऊ दिवस तिचं तोंड बघितलं नव्हतं. मी ओतलेल्या त्या एका बरणीबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, तेव्हाही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.